तुतीखालचे दोन तास

६ जुलै २०१४

प्रिय स्मारो,

आधी खुशाली. तुझी कंबर कशी आहे? व्होलोसला समुद्र दाराशी, हवा दमट, आणि तुझा डावा खांदा दमट हवेत लगेच धरतो. हे मी मारिआन्थीला फोनवर तीनदा सांगितलं, पण आपली पुतणी एका कानानं ऐकते आणि दुसऱ्या कानाला तिचा दुसरा फोन असतो. तिचा रक्तदाब बरा आहे ना? थोमासच्या पाठीचं काय झालं? की जावईबापू अजून लोकांचे फ्रिज उचलायला पुढे होतात आणि मग आठवडाभर पालथे पडून टीव्ही बघतात? लहान लेनिओचे टॉन्सिल उतरले का? तिला म्हणावं, आईस्क्रीम कमी खा आणि खाल्लंस तर म्हाताऱ्या आजोबाच्या नावानं खाऊ नकोस.

आणि खुर्ची? पुढचं उजवं चाक कुरकुरत होतं. त्यात शिवणयंत्राचं तेल घालू नकोस, धूळ धरतं. सायकलवाल्याकडचं घट्ट ग्रीस बोटाच्या पेराएवढं लावायचं. एवढ्या वर्षांत ते काम मीच केलं, त्यामुळे तुला ठाऊक नसेल.

मी ठीक आहे. गुडघे जुन्या दारासारखे वाजतात, पण दार अजून उघडतं आणि मिटतं.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. मारिआन्थी गाडी घेऊन आली, तू दोन पिशव्या मांडीवर घेतल्यास आणि म्हणालीस, "जरा हवापालट करून येते." मी म्हटलं, जा बाई, बरं वाटेल. काल मारिआन्थीचा फोन आला. "काका, आत्या म्हणते तिच्या कुंड्या पाठवून दे. सगळ्या."

स्मारो, हवापालटाला गेलेलं माणूस चाळीस कुंड्या मागवत नाही.

तुझा सब्जा, मरवा, ती लाल फुलं, दह्याच्या डब्यांत लावलेली रोपं, सगळं अंगणात आहे. मी पाणी घालतो. पण या कुंड्या गेल्या की तुझं या घरात काय राहिलं? एक तू धरतेस तो भिंतीतला दांडा आणि खुर्चीसाठी उंबऱ्यावर टाकलेली फळी. म्हणून विचारतो, माझं काय चुकलं? मी रात्रंदिवस डोकं खाजवतो. मे महिन्यात गावच्या मंडळाच्या सहलीला गेलो, तेव्हा जहाजावर पहिल्या दिवशी तुला डेकवर उन्हात सोडून तावलीचे फासे टाकत बसलो, ते? जेवणाच्या टेबलावर त्या पात्रासच्या जोडप्याला तू घोरतेस असं सांगितलं, ते? पण त्याचं उट्टं तू तिथंच काढलंस. ती बाई तुझ्या डोक्यावरून मला विचारत होती, "यांना साखर चालते का?" आणि तू म्हणालीस, "यांना काही चालत नाही, पाय तर मुळीच चालत नाहीत. पण साखर दोन चमचे घाला." सगळं टेबल हसलं. केबिनचं दार अरुंद म्हणून मी कुरकुर केली तर म्हणालीस, "दार अरुंद नाही अनेस्ती, तुझं पोट रुंद आहे." मंडळाच्या सहलीतले सगळे तुझ्याभोवती गोळा व्हायचे, मी आपला मागे खुर्चीचे दांडे धरून उभा.

एफेससचं म्हणशील, तर तिथं तुला आत जाता आलं नाही याचं मलाही वाईट वाटतं. समुद्रापलीकडच्या त्या तुर्की मुलखातून हाकलून लावायच्या आधी आजी ज्या पडक्या नगरीत लहानपणी शेळ्या चारायची, तिच्या दारापर्यंत जाऊन बाहेर बसायचं म्हणजे काय, ते मला कळतं. पण पहारेकऱ्यानं नाही म्हटलं. तुझ्यासमोर म्हटलं. मी फक्त त्याचं बोलणं आपल्या भाषेत तुला सांगितलं. तुर्की मला येतं, हा काय माझा गुन्हा?

उत्तर लिही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझा भाऊ
अनेस्तिस

३ ऑगस्ट

प्रिय स्मारो,

सगळ्यांची तब्येत मारिआन्थीकडून कळली, तुझी नाही कळली. ती म्हणते "आत्या बरी आहे", आणि लगेच विचारते, "कुंड्या कधी?" जणू तू एक कुंडीच आहेस.

कोझमास टोमॅटो घेऊन दर मंगळवारी व्होलोसच्या बाजाराला येतो. गेल्या मंगळवारी कुंड्या न्यायला त्याची गाडी इथं दारात उभी राहिली. मी त्याला सांगितलं, सब्जाला तुरे आलेत, अशात हलवला तर मरतो. तो टोपी मागे सारून म्हणाला, "अनेस्ती, मी शेतकरी आहे रे. मला नको शिकवूस. बहिणीची आठवण येते म्हण की सरळ." मी त्याला कॉफी पाजून वाटेला लावला.

तुरे आले म्हणून सब्जा मरत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. दोन डबे मात्र माझ्या हातून खरंच मेले. पाणी जास्त झालं.

माती हातात घेतली की तुला कळतं. तिथंच मी फसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय माझं, अंगणातल्या प्रत्येक कुंडीकडे बघताना मला वाटतं तिला सगळं माहीत आहे. म्हणून आज लिहून टाकतो.

मृतांच्या शनिवारी आपण आजीच्या थडग्याशी गेलो. तू पहाटेपासून गहू शिजवून कोलिवा केला होतास, वर साखर आणि डाळिंबाचे दाणे. धर्मगुरू पापा-लाझारोसनी मृतांची नावं वाचली. मग मी ती पिशवी काढली, तू शिवलेली, लाल दोऱ्याची. आजीनं मरताना हेच मागितलं होतं ना? एफेससच्या त्या उघड्या, दगडी पायऱ्यांच्या नाट्यगृहाच्या पायाशी जिथं तिच्या शेळ्या चरायच्या, तिथली मूठभर माती आपल्या अंगावर पडावी. आईला जमलं नाही, आपल्या धाकट्या भावाला जमलं नाही, तो तर गेलाच. ते काम आपल्या वाट्याला आलं. तू पिशवीत हात घातलास. बोटं फिरवलीस. मग हात बाहेर काढून पिशवी माझ्याकडे दिलीस आणि म्हणालीस, "तूच टाक."

मला वाटलं, थोरल्याचा मान दिलास. मी छाती काढून टाकली.

घरी येऊन पिशवी झटकली तेव्हा शिवणीत अडकलेले पांढरे दाणे हातावर पडले. हलके, थर्माकोलसारखे. तू रोपांच्या दुकानातून आणतेस त्या पोत्यातल्या मातीत असतात ते. मी तिथंच पायरीवर बसलो. आठ दिवसांनी तू गेलीस.

होय. ती माती नाट्यगृहाची नव्हती. दाराशी चहाच्या टपरीसमोर फुलांच्या मोठ्या कुंड्या होत्या. जहाजाची वेळ झाली होती, मंडळाचे लोक बसमध्ये चढत होते, आणि पिशवी माझ्या खिशात तशीच रिकामी. आत जागोजागी पाट्या होत्या, दगड-माती उचलायची नाही, उचलली तर कायदा. मी घाबरलो. टपरीवाल्याची पाठ वळली तशी त्या कुंडीत हात घातला. तू तुतीखाली बसली होतीस, तिथून टपरी दिसत नव्हती.

आजी म्हणायची, खोट्याचे पाय आखूड असतात. माझ्या खोट्याला तर एक थडगंही ओलांडता आलं नाही.

एवढंच आहे. बाकी मी सांगितलं ते सगळं खरं. नाट्यगृहात उभा राहून, आजी मारायची तशीच, मी तिच्या शेळीला हाक मारली होती, "काराऽऽ" म्हणून, आणि ती वरपर्यंत घुमून परत आली. तुला मी बसमध्ये सांगितलंच. तू डोळे मिटून ऐकलं होतंस.

माफ कर म्हणत नाही. पत्र लिही, तेवढं पुरे.

अनेस्तिस

३१ ऑगस्ट

स्मारो,

पंधरा ऑगस्टला मारिआन्थीला तिच्या नावाच्या सणाच्या शुभेच्छा द्यायला फोन केला. मागून तुझा आवाज आला. "सांग त्याला, मी अंघोळीला गेलेय." त्याचं मला हसू आलं. आवाज तरी ऐकला.

गेले तीन दिवस मी सकाळी कबरस्तानात जातो. चष्मा लावतो, स्वयंपाकघरातला पाट टाकतो आणि आजीच्या मातीतून ते पांढरे दाणे वेचतो. सोपं काम नाही. पावसानं ते वर येतात, वाऱ्यानं शेजारच्या थडग्यावर जातात. काल किमोनास त्याच्या बायकोच्या थडग्यावर दिवा लावायला आला होता. वाकून बघायला लागला.

"काय रे, मुंग्यांची अंडी खातोस की काय आता?"

"खोटं वेचतोय," मी म्हटलं.

"कुणाचं?"

"माझं."

"मग दुपारपर्यंत नाही व्हायचं," तो म्हणाला आणि माझ्याजवळ बसून वेचू लागला. त्याला काही विचारावंसं वाटलं नाही, म्हणूनच की काय, मीच बोलायला लागलो. एकदा सुरुवात झाल्यावर थांबता येईना. त्याला जे सांगितलं ते तुला आधी सांगायला हवं होतं. उलटं झालं, पण आता सगळं लिहितो. कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही.

पहारेकऱ्यानं नाही म्हटलं नव्हतं.

त्याचं नाव जेव्देत. मिशीवाला, पोट थोडं माझ्यासारखं. आठवतं ना, खालच्या दाराशी आपली टॅक्सी थांबली, मंडळाची बस लोकांना वरच्या दारानं सोडून मग खाली आपल्याकडे येणार होती. तो खुर्ची बघून पुढे आला. मी माझ्या मोडक्या तुर्कीत विचारलं, कसं काय आत जायचं? तो म्हणाला, "काका, बहिणीला कुठं मागं ठेवता? त्या अंगानं खोदकामवाल्यांचा रस्ता आहे. त्यांची गाडी रिकामी आहे. नाट्यगृहाच्या पायाशी नेऊन सोडतो, खुर्ची मी उचलतो."

तू विचारलंस, "काय म्हणतो?"

आणि मी म्हटलं, "म्हणतो, आतले दगड उखडलेत. खुर्ची जायची नाही. नियम आहे."

तो भला माणूस आपला माझ्या तोंडाकडे बघतोय. मी त्याला म्हटलं, बहीण दमलीय, नको म्हणते. तेव्हा त्यानं माझ्या तिकिटाच्या मागे त्याचा फोन नंबर लिहून दिला. आत गेल्यावर विचार बदलला तर फोन करा, मी घेऊन येतो म्हणाला. तू विचारलंस, "हे काय लिहिलं?" मी म्हटलं, "बंद व्हायची वेळ."

तू पिशवी माझ्या हातात दिलीस. "जा मग. माझ्या वाट्याचंही बघून ये. आणि हाक मार हं. लाजू नकोस." असं म्हणालीस.

का केलं, हे मी गेले तीन महिने स्वतःला विचारतोय. आधी स्वतःला सांगितलं, तिला चार माणसांनी उचललेलं, सगळे पर्यटक टकामका बघताना, तिला आवडलं नसतं. पण तुला काय आवडतं हे तुला विचारायला तोंड होतं की मला. ते कारण खोटं. खरं असं की मला दोन तास हात मोकळे हवे होते.

आत गेलो. पाइनच्या झाडांखालून वाट आहे. शंभरेक पावलं गेल्यावर लक्षात आलं, माझे दोन्ही हात पुढे, मुठी वळलेल्या, कोपर किंचित वाकलेले. समोर खुर्ची नाही आणि मी ढकलतोय. एक जपानी बाई माझ्याकडे बघून हसली. मग मी हात पाठीमागे बांधले, शाळातपासणीला येणाऱ्या साहेबासारखे, आणि चालायला लागलो. संगमरवरी रस्त्यावरून गेलो. ग्रंथालयाच्या त्या उंच खांबांपाशी पायरीवर बसून तिळाची कडक भाकर खाल्ली. कुणाला पाणी विचारायचं नाही, चढ किती, उतार किती बघायचं नाही, सावली कुणीकडे सरकते ते बघायचं नाही. स्मारो, मला फार छान वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण तेच खरं आहे. गेल्या कित्येक वर्षांत मला इतकं छान वाटलं नव्हतं.

रस्ता खडबडीत आहे, पण खुर्ची गेली असती. नाट्यगृह दारापासून तसं जवळच. मी तिथं उभा राहिलो तेव्हा एक गट टाळ्या वाजवून आवाज बघत होता. एक बाई मध्ये उभी राहून गायली. तो आवाज वरच्या शेवटच्या पायरीपर्यंत चढत गेला, आजी सांगायची तसाच. मग ते गेले, दुसरे आले. मी तोंड उघडलं. पन्नास माणसांसमोर एक म्हातारा नव्वद वर्षांपूर्वी मेलेल्या शेळीला हाक मारणार! मी तोंड मिटलं. हाक मारलीच नाही. फोन आणि ते तिकीट दोन्ही सदऱ्याच्या एकाच खिशात होतं.

बसमध्ये तुला सांगितलं, हाक परत आली. तू डोळे मिटलेस.

एक आणखी आहे, आता सांगतोच आहे तर. गावात सगळे म्हणतात, बहिणीसाठी अनेस्तिसनं लग्न केलं नाही. पापा-लाझारोस तर प्रवचनात सांगतात. स्मारो, आरेतीला मी मागणी घातली होती, तिनंच मला नाही म्हटलं. तुझं नावही निघालं नव्हतं. माझ्या दातांबद्दल काहीतरी म्हणाली होती. पण लोक बोलायला लागले आणि मी ते बोलणं मोडलं नाही. पन्नास वर्षं तुझ्या खुर्चीच्या मागे उभा राहून मी तो मान फुकट खाल्ला. तू तो ऐकत बसलीस, आणि तुला वाटत आलं असेल की तुझ्यामुळे माझं घर झालं नाही.

आता माझ्यापाशी लपवायला काही उरलं नाही. कुंड्या अजून इथेच आहेत. लिही.

अनेस्तिस

५ ऑक्टोबर

प्रिय स्मारो,

तुझं पत्र मिळालं. आधी खुशालीचं उत्तर, कारण तू विचारलं आहेस, आणि हे तू विचारलंस यानंच मला दोन दिवस झोप नीट आली. गुडघे तसेच. खोकला गेला. किमोनास बरा आहे, तुला नमस्कार सांगतो. मांजरीनं तुझ्या शिवणयंत्राच्या झाकणावर तीन पिल्लं घातलीत, मी हलवली नाहीत. पापा-लाझारोसना मी आरेतीचं सांगितलं. ते म्हणाले, "मग मी प्रवचनात काय सांगू आता?" मी म्हटलं, दातांचं सांगा.

पाकीट फोडलं तर पहिलीच ओळ मला वाचता येईना. अक्षरं आपली, शब्द कुठलेच आपले नाहीत. मग लक्षात आलं, आजी तिच्या पाककृतींची वही अशीच लिहायची, तुर्की बोली आपल्या अक्षरांत. मी ओळ मोठ्यानं वाचली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कानाला कळली.

"काका, बहिणीला कुठं मागं ठेवता? त्या अंगानं खोदकामवाल्यांचा रस्ता आहे. त्यांची गाडी रिकामी आहे. नाट्यगृहाच्या पायाशी नेऊन सोडतो, खुर्ची मी उचलतो, तुम्ही फक्त टोपी सांभाळा."

टोपीचं मी तुला लिहिलं नव्हतं. वारा होता, माझी टोपी उडत होती, तो तसं म्हणाला होता खरं. मीच विसरलो होतो.

किती मूर्ख असावं माणसानं! शेजारच्या बायका आजीकडे यायच्या, मुलांना कळू नये म्हणून तुर्कीत कुजबुजायच्या. मुलं म्हणजे कोण? आम्ही दोघे भाऊ शाळेत, नाहीतर तंबाखूच्या शेतात. घरात मूल एकच होतं. पायांना लोखंडी पट्ट्या बांधलेलं, स्वयंपाकघरातल्या बाकावर दिवसभर. मला चार शब्द येतात ते कॉफीच्या दुकानात तावली खेळताना शिकलेले. तुला आजीची सगळी भाषा येत होती, आणि मी जहाजभर मिरवत होतो, तुर्की माझ्यावर सोडा म्हणून. तू मला मिरवू दिलंस.

पुढचं तू आपल्या भाषेत लिहिलंयस. मी ते पाठ होईपर्यंत वाचलंय. तू लिहितेस:

"जेव्देतनं मला चहा आणून दिला तेव्हा पुन्हा विचारलं, ताई, नेऊ का? मी त्याला म्हटलं, नको. हा माणूस पोरवयापासून मला ढकलतोय. आज त्याचे हात मोकळे राहू दे. मग आम्ही गप्पा मारत बसलो, त्याच्या आजीच्या आणि माझ्या. नाट्यगृह तिथून फार लांब नाही. टाळ्या ऐकू येत होत्या. ती बाई गायली तेही ऐकलं. मी जेव्देतला म्हटलं, आता थांब, आता माझा भाऊ हाक मारेल. तोही गप्प बसला. ते दोन तास मी तुला दिले होते, अनेस्ती. तुला चोरायची गरज नव्हती. हाक तरी मारायचीस."

मी हे कुंड्यांच्यामध्ये बसून वाचलं. तुतीखाली दोन माणसं गप्प बसून कान लावून आहेत, आणि मी आत तोंड मिटून उभा आहे, हे चित्र आता मरेपर्यंत डोळ्यांसमोरून जायचं नाही. जाऊही नये.

कुंड्या या पत्राबरोबर येत आहेत. कोझमासला मी आज पहाटेच बोलावलं. थंडी पडायच्या आत पोचायला हव्यात, एवढं मला कळतं, तरी मी त्या अडवून बसलो होतो. एकदा दारात अडवलं, मग अंगणात अडवत राहिलो. तुझ्या वतीनं ठरवणं आता बंद. मेलेले दोन डबे सोडून बाकी सगळ्या मोजून घे. मरव्याच्या मुळाशी किमोनासनं काहीतरी खत घातलंय, मी नको म्हणत होतो. अंगण भुंडं दिसतंय. असो. कोझमास टोमॅटो उतरवतो आणि परत येताना त्याची गाडी रिकामीच असते. हे आपलं माहितीसाठी लिहिलं.

पाकिटात ते तिकीट आहे. मागे जेव्देतचा नंबर, थोडा पुसट झालाय, शेवटचा आकडा सात आहे. फोन तू कर. तुझं तुर्की चांगलं आहे. मंडळ मे महिन्यात पुन्हा जातंय. मारिआन्थी तुझ्याबरोबर आत येईल, जेव्देत खुर्ची उचलेल, टोपी माझी मी सांभाळीन. मी बाहेर तुतीखाली बसेन. तू नाट्यगृहात मधोमध जा आणि पन्नास असोत की पाचशे, तुझी हाक मार. टाळ्या तिथवर ऐकू येतात म्हणजे हाकही येईलच.

माती मी घेईन, त्या तुतीखालची, जिथं तुझी चाकं दोन तास उभी होती तिथली. ती जागा दाराबाहेर आहे, पाटीही नाही, आणि जेव्देतला विचारूनच घेईन. आजीच्या शेळ्यांच्या वेळी तिथं दार कुठं होतं? हातात घेऊन आधी तू बघ. तू हो म्हणालीस तरच ती आजीवर पडेल, आणि ती तू टाकायची.

येशील की नाही, ते तू ठरव. फक्त जे असेल ते लवकर लिही. एक ओळ पुरे. आजीच्या भाषेत लिहिणार असशील तर मला वाचायला दोन दिवस जास्त लागतात, तेव्हा आणखी लवकर लिही.

तुझा
अनेस्ती